यंत्र बंद करा

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. मागच्या महिन्यात लातूरला जाऊन आलो, तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे. ती सांगायची तर सुरुवात थेट इंग्लंडपासून करावी लागते. घरच्या मंडळींनी जरा धीर धरावा, नांदेड येणारच आहे. :-)

१९९२ ची दिवाळी. मी तेव्हा पुण्याला शिकत होतो. होस्टेलवर एका मित्राकडून कॅसेट भरून घेतली होती. ती कॉपीची कॉपी, तिचीही पुन्हा कॉपी. वर बॉलपेनने लिहिलेलं : बॉब डिलन, रॉयल अल्बर्ट हॉल, १९६६. सुट्टीत नांदेडला आलो तो ही कॅसेट घेऊनच. गाडीपुऱ्यातल्या वाड्यात काकांचा नॅशनल पॅनासॉनिकचा टू-इन-वन होता. त्याला काकांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा दंडक, पण पुण्याहून आलेल्या पुतण्याला सूट मिळाली.

डिलन म्हणजे गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन एकटा उभा राहून गाणारा माणूस, अशी लोकांची समजूत. १९६५ पासून त्याने इलेक्ट्रिक गिटार आणि बँड घेतला. १९६६ च्या दौऱ्यात पहिला अर्धा कार्यक्रम तो एकट्याने करायचा आणि दुसऱ्या अर्ध्यात बँड घेऊन दणदणाट. जुने चाहते चिडले. आपल्याकडे एखादा कीर्तनकार पूर्वरंगानंतर अचानक बँजो आणि ड्रम घेऊन उभा राहिला तर जे होईल, तेच तिथे झालं. माझ्या कॅसेटवर शेवटच्या गाण्याआधी, सगळं शांत असताना, प्रेक्षकांतून एक जण ओरडतो : 'ज्यूडास!' म्हणजे येशूला दगा देणारा तो. डिलन म्हणतो, माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटं बोलतोस. मग बँडला दणक्यात वाजवायला सांगतो आणि गाणं सुरू होतं.

काका पलंगावर बसून सुपारी कातरत होते. गाण्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. पण त्या ओरडण्यापाशी त्यांनी मान वर केली.

"कोण ओरडायलंय रे ते?"

मी सगळं सांगितलं.

"मग हे टेप कुणी केलं? गाणाऱ्यानं करू दिलं का?"

"नाही काका. चोरून केलेलं असतं हे. बूटलेग म्हणतात."

अडकित्ता थांबला. "माझ्याकडं बी एक हाय तसली."

"कुणाची?"

"असू दे." विषय संपला. काकांनी एकदा विषय संपवला की तो संपलाच.

आता थोडा इतिहास. बूटलेग हा शब्द मूळचा दारूचा. बुटाच्या उंच गळ्यात बाटली खोचून चोरटी दारू नेत, त्यावरून आला. रॉक संगीतात तो रुळला १९६९ मध्ये. त्या वर्षी लॉस एंजेलिसमध्ये डिलनच्याच अप्रकाशित गाण्यांची एक तबकडी दुकानांत दिसू लागली. पांढरं कव्हर, कंपनीचं नाव नाही, गायकाचंही नाव नाही. 'ग्रेट व्हाइट वंडर' या नावाने ती ओळखली गेली आणि मग असल्या तबकड्यांचा सुळसुळाट झाला.

पण ही खोड त्याहून बरीच जुनी आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात लायनेल मेपलसन नावाचे ग्रंथपाल होते. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी एडिसनचा फोनोग्राफ थिएटरात नेऊन चालू प्रयोगाचे तुकडे मेणाच्या नळकांड्यांवर उतरवले. आधी प्रॉम्प्टरच्या खोलीतून, मग रंगमंचाच्या वरच्या फळ्यांवरून. आवाज लांबून आल्यासारखा, खरखरीत. तरीही त्या काळातले गायक भरल्या थिएटरात कसे गात, हे ऐकायचं तर त्या नळकांड्यांकडेच जावं लागतं.

माझ्या कॅसेटची खरी गंमत मला फार उशिरा कळली. ती मैफल लंडनच्या अल्बर्ट हॉलमधली नव्हतीच! ती मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमधली, १७ मे १९६६ ची. कुणीतरी चुकीचं नाव घातलं आणि वर्षानुवर्षं तेच चाललं. आणि ती कोटाखाली यंत्र लपवून केलेलीही नव्हती. रेकॉर्ड कंपनीनेच ध्वनिमुद्रण केलं होतं, ते बाहेर फुटलं. १९९८ मध्ये कंपनीने ते रीतसर काढलं तेव्हा 'रॉयल अल्बर्ट हॉल' हे चुकीचं नाव मुद्दाम अवतरणचिन्हांत ठेवलं, कारण लोक त्याला त्याच नावाने ओळखत होते. २०१६ मध्ये तर १९६६ च्या दौऱ्याच्या उपलब्ध ध्वनिमुद्रणांचा ३६ सीडींचा संच निघाला. 'ज्यूडास' ओरडणारा मीच, असं पुढे एकाहून अधिक जणांनी सांगितलं. चोराचा माल शेवटी सावकाराच्या दुकानात आला, आणि ओरडणाऱ्यालाही मान मिळाला.

आपल्या मुंबईचीही अशी एक टेप आहे. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि त्यांनी इथल्या वादकांना घेऊन स्वतःची दोन गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती मैफल नव्हती, स्टुडिओतलं काम होतं. ते ध्वनिमुद्रण चोरट्या प्रतींमधून जगभर फिरलं आणि रीतसर बाहेर आलं ते २०१५ मध्ये, 'कोडा' या अल्बमच्या नव्या आवृत्तीत. म्हणजे जवळजवळ ४३ वर्षं मुंबईच्या वादकांची ही कामगिरी चोरांनीच जपली.

शास्त्रीय संगीतवाल्यांना हे सगळं नवीन नाही. ७८ च्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारा ख्याल त्यात कसा बसणार? त्यामुळे मैफलीत कुणी खाजगी ध्वनिमुद्रण केलं की ते दर्दी लोकांत हातोहात फिरायचं. फिलिप्सने १९६३ मध्ये कॅसेट आणली. पुढे ती घरोघरी पोचली आणि पुढच्या रांगेत बसणाऱ्या कुणालाही हे जमू लागलं. काही गायकांना ते चालायचं, काहींना मुळीच नाही. अल्लादियाखाँसाहेब १९४६ मध्ये गेले, मागे आवाजाची एकही तबकडी न ठेवता. त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाच्या बाबतीत फार काटेकोर. गंमत बघा, त्यांचीच भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई गेल्या.

तर आता नांदेड.

काका २०१९ मध्ये गेले. त्यांची लोखंडी ट्रंक उघडली तेव्हा शंभरेक कॅसेटी निघाल्या. बहुतेक भजनं, कीर्तनं, नाट्यगीतं. तळाशी एक कॅसेट रुमालात गुंडाळलेली. वर काकांच्या अक्षरात : "गुरुजी. कोजागिरी ८४. कुणाला ऐकवू नये."

गुरुजी म्हणजे लातूरकडचे एक गाणारे मास्तर. शाळेत शिकवायचे आणि पंचक्रोशीत गायचे. रेडिओवर कधी गेले नाहीत, तबकडी निघाली नाही. त्यांचं नाव मी इथे देत नाही, कारण पुढे कळेल. आमच्या वाड्यात कोजागिरीला ते यायचे. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, दुधाची वाट बघता बघता झोपून जायचो. त्यामुळे मला त्यांचं गाणं आठवतच नाही.

काकांच्या नातवाने कॅसेट संगणकावर घेतली. सुरुवातीला पेटी, तबला, कुणाचं तरी खोकणं, भांड्यांचा आवाज. लांबून रेल्वेची शिट्टी. नांदेडला तेव्हा मीटरगेज होती, त्या इंजिनाची शिट्टी मी कुठेही ओळखेन. मग मालकंस. साधारण वीस मिनिटं झाल्यावर गाणं मध्येच थांबतं आणि गुरुजी अगदी शांतपणे म्हणतात, "पाटील, ते यंत्र बंद करा. समोर माणसं बसलीत, त्यांच्यासाठी गायलोय मी."

पाटील म्हणजे आमचे काका. "बंद केलं, गुरुजी," असा काकांचा आवाज. मग कापडाची खसखस. आणि गाणं पुन्हा सुरू होतं, पण दुलईतून आल्यासारखं. काकांनी यंत्र बंद केलंच नव्हतं. अंगावरचं उपरणं वर टाकलं होतं!

पुढची पंचवीस मिनिटं मी काय ऐकलं ते मला लिहिता येणार नाही. यंत्र गेलं असं समजून गुरुजी जे मोकळे सुटले आहेत, तसे ते आधीच्या वीस मिनिटांत नाहीत. म्हणजे ते बरोबरच म्हणत होते. यंत्रापुढे त्यांचं गाणं बांधलं जात होतं. आणि हे मला कळलं, ते काकांनी फसवलं म्हणून.

काकांच्या नातवाचा आग्रह, हे नेटवर टाकू या. अशा गाण्याला हजारो लोक मिळतील. मला ठरवता येईना. कायदा बघितला. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात गाणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्कच नव्हता. तो आला १९९४ च्या दुरुस्तीने. मुदत आधी २५ वर्षं, पुढे १९९९ मध्ये ५० केली. त्यातही स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा अभ्यासासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला सूट आहे. म्हणजे काकांनी घरात ऐकलं तर कायद्याचं काही म्हणणं नाही. पण गुरुजींचं होतं ना! ते तर टेपवरच आहे.

शेवटी लातूरला गेलो. गुरुजींच्या कन्या गंजगोलाईपासून जवळच राहतात. आता सत्तरीच्या आत-बाहेर असतील. मी सगळं खरं खरं सांगितलं, उपरण्यासकट. काकांच्या वतीने माफीही मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "लावा."

दोन-तीन मिनिटं ऐकून त्यांनी हात वर केला. "थोडं वर लागलंय हे."

मला कळेना. त्यांनी आतून बाबांची पेटी आणली, काळी एक दाबून धरली. "बाबा ह्यात गायचे." आम्ही टेपचा शेवटचा भाग लावला तर तो चक्क पांढरी दोनला जाऊन पोचला होता. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कोजागिरी, अंगणातली बैठक, यंत्र सेलवर. सेल उतरत गेले तशी टेप हळू फिरत गेली. हळू फिरत भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की आवाज चढतो. पस्तीस वर्षं काकांनी (ऐकत असतील तर) आणि आता मी, गुरुजींचा आवाज होता त्यापेक्षा बारीकच ऐकत होतो.

लॅपटॉपवर वेग कमी करत करत आम्ही सूर पेटीला जुळवला. आवाज खाली आला, भरदार झाला. बाई म्हणाल्या, "आत्ता. हे बाबा."

मग 'यंत्र बंद करा' ते वाक्य आलं. त्या हसल्या. "हे परत लावा." परत लावलं. तीन वेळा लावलं. म्हणाल्या, "गाणं शिष्यांच्या गळ्यात थोडं थोडं ऐकायला मिळतं हो. हे बोलणं कुठं मिळायचं? रागावले की असंच बोलायचे, आवाज न चढवता."

टेप संपली. "पुढं?" त्यांनी विचारलं. पुढे नाही. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस. बाजू बदलायला काकांनी उपरणं उचललं असतं तर पकडले गेले असते. टेप संपताना यंत्राचा खटका वाजलाच असणार. तो गुरुजींनी ऐकला का, मग काय म्हणाले, ते कळायला मार्ग नाही.

निघताना मी नेटचं विचारलं. त्या म्हणाल्या, "दादा, बाबा नको म्हणालेत आणि ते तुम्ही मलाच ऐकवलंत. आता मी हो कसं म्हणू? पण मला एक प्रत ठेवून जा. आणि कुणाला शिकायला ऐकायचं असलं तर इथं घरी पाठवा. समोर बसून ऐकू दे."

मी पेन ड्राइव्ह ठेवून आलो. मूळ कॅसेटही त्यांनाच द्यावी म्हणून पुढे केली, तर वरची चिठ्ठी वाचून परत केली. "पाटलांनी शब्द पाळला की शेवटी. कुणाला ऐकवलं नाही. तुमच्याकडंच असू द्या."

नांदेडच्या एसटीत बसून डिलनची ती मैफल पुन्हा ऐकली, आता मोबाइलवर, रीतसर पैसे भरून. 'ज्यूडास' आलं आणि मला काकांचा थांबलेला अडकित्ता आठवला. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात चोरून केलेल्या टेपची गंमत सांगत होतो, आणि समोर बसलेला माणूस आठ वर्षं तीच गोष्ट मनात घेऊन बसला होता.

असो. हे वाचून कुणी टेप मागू नये. ऐकायचं असेल तर मला कळवा, लातूरला फोन करून विचारतो. आणि तुमच्या माळ्यावर अशा कॅसेटी असतील तर या पावसाळ्याच्या आत काढा, बुरशी लागते. लावण्याआधी त्या घरातल्या कुणाला तरी शेजारी बसवा. आवाज बरोबर लागलाय का, ते त्यांनाच कळतं.