तळटीप : ‘आर’च्या आवृत्त्या

१. मूळ मजकुरात ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेचा आरंभ २००० साली धरला आहे. ते साल पहिल्या पक्क्या आवृत्तीचे. बेल लॅब्जमधील ‘एस’ भाषेच्या वळणावर रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात ‘आर’ त्याच्या कितीतरी आधी घडवली होती. मार्टिन मेक्लर यांच्या आग्रहावरून १९९५ साली ती ग्नू परवान्याखाली सर्वांना खुली झाली. माझ्या मते तिचा खरा जन्म तोच. १९९७पासून तिचा सांभाळ एका मध्यवर्ती गटाकडे आला. २९ फेब्रुवारी २००० रोजी निघालेली १.०.० म्हणजे भाषा भरवशाने वापरण्याइतकी स्थिरावल्याची या गटाची ग्वाही. २.०.० (२००४) आणि ३.०.० (२०१३) यांचा येथे फारसा संबंध नाही. ४.०.० (एप्रिल २०२०) मात्र महत्त्वाची. तोवर तक्ता वाचताना मजकुराचे रकाने आपोआप वर्गवारीत बदलत. आता मजकूर मजकूरच राहतो. त्यामुळे जुनी आज्ञावली कधी वेगळे उत्तर देते, कधी अडते. पुढील उदाहरणे चालवण्यापूर्वी वाचकांनी आपली आवृत्ती अवश्य तपासावी. — संपादक