विषाणुविशिष्ट टी-पेशी आणि अवयव प्रतिरोपण

विषाणूशी लढण्यासाठी तयार झालेल्या स्मृती टी-पेशी काही वेळा दात्याच्या अवयवावरील एचएलए (पेशींची ओळख ठरविणाऱ्या) प्रथिनांवरही चालून जातात. या घटनेस ‘हेटरोलॉगस इम्युनिटी’ म्हणतात. रक्तसंक्रमण, गर्भारपण आणि पूर्वीचे प्रतिरोपण ही दात्याविरुद्ध संवेदन होण्याची तीन परिचित कारणे होत. संसर्ग हे चौथे मानले जाते.

यंत्रणा : टी-पेशीचा ग्राही एचएलए रेणूच्या खाचेत बसलेला प्रथिनाचा तुकडा ओळखतो. परक्या एचएलएवरील एखादा तुकडा विषाणूच्या तुकड्याशी आकाराने जुळला, तर तीच पेशी तेथेही सक्रिय होते. स्मृतिपेशींना सहउद्दीपनाची (सक्रिय होण्यासाठीच्या जोडसंकेताची) गरज कमी असते, त्यामुळे सहउद्दीपन रोखणाऱ्या बेलाटासेप्टसारख्या औषधांना त्या सहज दबत नाहीत. नेदरलँड्समधील लायडेनच्या संशोधकांनी २०१० मध्ये तपासलेल्या विषाणुविशिष्ट पेशीवंशांपैकी ४५ टक्के वंश परक्या एचएलएला प्रतिसाद देणारे आढळले.

एलसी१३ ग्राही : सर्वाधिक अभ्यासलेले उदाहरण एपस्टाइन-बार विषाणूचे आहे. एचएलए-बी८ असलेल्या व्यक्तींत या विषाणूच्या ईबीएनए-३ए प्रथिनातील नऊ अमिनो अम्लांच्या तुकड्याविरुद्ध टी-पेशी तयार होतात. परस्परांशी नाते नसलेल्या व्यक्तींतही त्यांचा ग्राही पुष्कळदा हुबेहूब एकच असतो, तो एलसी१३. ऑस्ट्रेलियातील स्कॉट बरोज आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले, की याच पेशी एचएलए-बी*४४:०२ हा प्रकार असलेल्या परक्या पेशीही मारतात. ज्यांच्यात बी८ आणि बी*४४:०२ हे दोन्ही प्रकार असतात, त्यांच्या शरीरात हा ग्राही आढळत नाही. स्वतःवरच उलटणाऱ्या पेशी शरीर आधीच काढून टाकते. बी*४४:०३ मात्र या ग्राहीला ओळखू येत नाही. दोन्ही प्रकारांत १५६ व्या स्थानावरील एकाच अमिनो अम्लाचा फरक आहे. पुढे रचनाभ्यासातून एबीसीडी३ या मानवी प्रथिनाचा तुकडा विषाणूच्या तुकड्याची नक्कल करतो, हे स्पष्ट झाले.

प्राण्यांवरील प्रयोग : अनेक विषाणूंचा संसर्ग होऊन गेलेल्या उंदरांत परक्या त्वचेबाबत सहनशीलता निर्माण करणे अवघड जाते, असे एमरी विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये दाखविले.

चिकित्सेतील महत्त्व : याविषयी एकमत नाही. एलसी१३ प्रकारच्या पेशी प्रयोगशाळेत रक्तपेशी सहज मारतात. मूत्रपिंडाच्या नलिकापेशी व रक्तवाहिन्यांच्या अस्तरपेशी मात्र फारशा मारत नाहीत. सायटोमेगॅलो विषाणूचा संसर्ग आणि अवयव नाकारला जाणे यांचा संबंध नोंदला गेला आहे. त्यात दाहाचा वाटा किती आणि वर सांगितलेल्या क्रॉस-रिॲक्शनचा किती, हे वेगळे करता आलेले नाही. याउलट बीके विषाणूने मूत्रपिंड बिघडू लागल्यास प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कमी करावी लागतात आणि त्यातूनही नकाराचा धोका वाढतो.

महाराष्ट्र : मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९६५ मध्ये मृत दात्याच्या मूत्रपिंडाचे प्रतिरोपण झाले, ते भारतातील पहिले मानले जाते. तेथेच डॉ. प्र. के. सेन यांनी १९६८ मध्ये हृदय प्रतिरोपण केले. याच आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. वरील एचएलए संशोधन मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरचे आहे. भारतीयांत बी८ आढळतो, पण बी४४ असेल तर तो बहुधा बी*४४:०३ असतो. म्हणून परदेशी निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे योग्य नाही. येथील दाता-रुग्ण जोड्यांवर स्वतंत्र अभ्यास हवा.

लसीकरण : प्रतिरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबलेली असते, म्हणून जिवंत विषाणूंच्या लशी प्रतिरोपणापूर्वी पूर्ण कराव्यात.

रुग्णांसाठी : प्रतिरोपणानंतरचा ताप किरकोळ समजू नये. रुग्ण बहुधा आधी जवळच्या फॅमिली डॉक्टरांकडे जातो. पण त्याने त्याच दिवशी प्रतिरोपण केंद्राला फोन करून कळवावे, विषाणूची तपासणी व क्रिएटिनीन करून घ्यावे आणि टॅक्रोलिमससारख्या गोळ्यांची मात्रा स्वतःहून कधीही बदलू नये.