सरपणाची बेगमी

मराठीत ‘बेगमी’ हा शब्द फारसीतून आला. ‘बे’ म्हणजे विना आणि ‘गम’ म्हणजे चिंता. पावसाळ्याआधी धान्य, सुकी मासळी, मीठ, आमसुलं आणि सरपण घरात भरून घ्यायचं आणि चार महिने निश्चिंत राहायचं, ती बेगमी. कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यांत यातलं सगळ्यांत कष्टाचं काम सरपणाचं, आणि त्यातला मोठा वाटा बायकांचा. दर्यावर्दी पूर्वजांवर, मशिदी-दर्ग्यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. ज्या जाळावर त्या पूर्वजांचा भात शिजला, त्याच्या वाट्याला फारशी शाई आली नाही.

लाकूड थंडीत तोडायचं. ओल्या लाकडातलं पाणी त्याच्या सुक्या वजनाच्या निम्मं, कधी त्याहूनही जास्त भरतं. ते शेकडा वीसच्या आसपास उतरलं म्हणजे लाकूड नीट पेटतं. नाहीतर जाळाची बरीच ताकद पाणी उकळण्यात जाते आणि घरात उरतो तो धूर. पाणी लवकर निघतं ते कापलेल्या टोकांतून, म्हणून ओंडके आखूड तोडून मग फोडायचे. खाली दगड मांडून, वारा खेळेल अशी सैल रास उन्हात रचायची. जमिनीला टेकलं की वाळवी आलीच. टोकांना भेगा पडल्या, साल सुटली आणि दोन ढलपे एकमेकांवर आपटल्यावर खणखणीत वाजले, की लाकूड वाळलं. मेअखेर सगळं पडवीत यायचं. रोजच्या लागणीचं चुलीवरच्या माचावर चढायचं, तिथे धुराची ऊब मिळते. राशीत हात घालताना फुरशाची धास्ती असायचीच. ऐन, खैर यांचा निखारा टिकतो, देगेला दम द्यायला तोच हवा. पांगारा, सावर भुरकन जळून जातात. पेटवणाला नारळाची सोडणं आणि चुडतं.

हे लाकूड फुकटचं नव्हतं. १८७८च्या वन कायद्यानंतर जंगलावरचे गावांचे हक्क आवळले गेले. ठाणे-कुलाबा भागातून इतक्या तक्रारी झाल्या की १८८५मध्ये मुंबई सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. पुढे २५ सप्टेंबर १९३०ला चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या चालल्या.

आमच्या घरांत बेगमीची खरी कसोटी लागे ती पावसातल्या रमजानला. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरून ३२-३३ वर्षांनी त्याच जागी येतो. १९४७चा रमजान जुलै-ऑगस्टमधला, ईद १८ ऑगस्टची. देश स्वतंत्र झाला ती रात्रही सहेरीचीच होती. बाहेर मुसळधार, आत दमट चूल. लाकूड ओलं असेल तर घरातल्या बाईनं इतरांआधी तासभर उठून फुंकणी धरायची. अंधारात डोळे चोळत, खोकत तिनं भाकरी भाजायची आणि स्वतः शेवटी दोन घास खायचे, तेही वेळ उरला तर! रोजा सगळ्यांचा सारखाच म्हणतात. आम्हांला तसं वाटत नाही.

पुढची पाळी १९७९ ते ८२ची. १९७३नंतर तेलाच्या किमती भडकल्या आणि कोकणातले पुरुष आखाताकडे निघाले. त्यांच्या पैशावर अनेक घरांत रॉकेलचा स्टोव्ह, मग सिलिंडर आला. अरबांच्या तेलानं कोकणातली चूल थंड केली असं गमतीनं म्हणता येईल, पण ज्यांचं कुणी परदेशी गेलं नाही त्यांची चूल पेटतीच राहिली. २०१२ ते १५च्या पावसाळी रमजानातही सहेरीचा धूर साऱ्याच घरांतून गेला नव्हता. मे २०१६मध्ये उज्ज्वला योजना आली. सिलिंडर मिळाला तरी तो पुन्हा भरून आणणं परवडत नाही, अशी घरं त्यानंतरही राहिली.

लग्नातली देग अजूनही लाकडावरच चढते. नव्या बंगल्यांतही मागच्या दारी एखादी चूल असते. अंघोळीचं पाणी तिच्यावर तापतं, आणि तिच्यापुरतं सरपण मे महिन्यात पडवीच्या कोपऱ्यात रचलं जातं.