खानदेशांतील जिनांची हजेरीवही व जादा कामाचा मोबदला

जुने कागद म्हटले कीं आमच्या संग्राहक बंधूंची दृष्टि प्रथम सनदा, महजर व बखरी यांकडे जाते. जिनाच्या हजेरीवहीस ऐतिहासिक कागद म्हणावयास कोणी सहसा तयार होत नाहीं. परंतु खानदेशच्या गेल्या दीडशें वर्षांच्या इतिहासाचा एक मोठा भाग या वह्यांवांचून लिहितां येणार नाहीं, असें आमचें मत आहे. आज वेतनाचे नियम बदलत असतां कारखानदारांसही त्यांतून घेण्यासारखा धडा आहे. म्हणून हें टिपण.

प्रथम शास्त्राधार पाहूं. वेतन आधीं ठरलें असेल तर ठरल्याप्रमाणें द्यावें. ठरलें नसेल तर व्यापार, गुरें किंवा पीक यांच्या उत्पन्नाचा दशमांश द्यावा, असा याज्ञवल्क्याचा निर्णय आहे. अधिक केल्यास अधिक द्यावें, असेंही तो सांगतो. मात्र येथें ‘अधिक’ म्हणजे जादा तास, असा अर्थ कोणी केल्यास तो ओढाताणीचा होईल. मिताक्षरेच्या धोरणानें पाहतां तेथें चाकरानें मिळवून दिलेला जादा लाभ अभिप्रेत आहे. जादा वेळेच्या कामास जवळचा आधार कौटिल्याचा होय. सूत्राध्यक्षाच्या प्रकरणांत, सणाच्या तिथीस काम करवून घ्यावयाचें तर कारागिरांस निराळी देणगी द्यावी, असें तो सांगतो. तात्पर्य, सुटीच्या वेळेस स्वतंत्र मोल आहे, ही कल्पना परदेशांतून आलेली नव्हे.

आतां खानदेशाकडे वळूं. येथील कापसाचा व्यापार वाढला तशी सरकी काढण्याचे कारखाने, ज्यांस आमच्याकडे जिन म्हणतात, जागोजाग निघाले. हिंदुस्थानांतील पहिला कारखाना-कायदा १८८१ सालीं झाला. परंतु शंभराहून कमी माणसें असलेल्या, किंवा वर्षांत चार महिन्यांहून अधिक न चालणाऱ्या कारखान्यांस तो लागू नव्हता. हंगामी जिनांस ही पळवाट आयतीच मिळाली.

तिचा परिणाम काय झाला, हें मुंबई इलाख्याच्या १८८४-८५ च्या कारखाना-चौकशी मंडळापुढील साक्षींत दिसतें. खानदेशांतील एका जिनाच्या व्यवस्थापकानेंच तेथें सांगितलें कीं, रेच्यांवर बहुतेक बायका असतात व त्या पहाटे पांचपासून रात्रीं दहापर्यंत काम करितात. मार्च-एप्रिलच्या गर्दींत तर तींच माणसें सुमारें आठ दिवस रात्रंदिवस राबतात. ही फिर्याद मजुराची नाहीं. मालकाच्या बाजूच्या माणसाचें हें कथन आहे, म्हणून पुरावा या नात्यानें त्याचें वजन अधिक.

पुढें १८९१ च्या कायद्यानें स्त्रियांच्या कामास दिवसाला अकरा तासांची मर्यादा घातली. १९११ च्या कायद्यानें हंगामी कारखान्यांची सूट काढून घेतली. १९२२ सालीं आठवड्यास साठ तासांची मर्यादा येऊन त्यावरील कामास निदान सवापट दर ठरला, आणि १९४८ सालीं अठ्ठेचाळीस तास व दुप्पट दर झाला. त्याच सालीं किमान वेतनाचा कायदाही झाला. कौटिल्याच्या देणगीचा अशा रीतीनें हक्क बनला.

कांहीं वर्षांपूर्वीं जळगांव जिल्ह्यांतील एका बंद जिनाच्या वखारींतून रद्दी निघाली. आम्ही पोंचेपर्यंत बहुतेक दप्तर वजनावर विकलें गेलें होतें; एक फाटकी हजेरीवही तेवढी हातीं लागली. तींत नांव, दिवस आणि आणे अशीं तीन घरें आहेत. तासांचें घर नाहीं! एका वहीवरून सिद्धांत बांधणें योग्य नव्हे, हें आम्ही जाणतों. तथापि जेथें तास लिहिलेच जात नाहींत, तेथें जादा तासाचा दर सवापट असो कीं दुप्पट, त्याचा हिशेब कशावरून करावयाचा?

हाच प्रश्न आज पुन्हा उभा आहे. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलांत आली. तीप्रमाणें केंद्र सरकारनें ठरविलेल्या तळवेतनाहून राज्याचें किमान वेतन खालीं जाऊं शकत नाहीं. वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनांतच धरला जातो, आणि जादा कामाचा दर निदान दुप्पट आहे. पगार दिल्याचें सिद्ध करण्याचा भार मालकावर असून मजुरास तीन वर्षांपर्यंत दावा करितां येतो. तशांत सप्टेंबर २०२५ मध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें कारखान्यांतील रोजच्या कामाची मर्यादा नवावरून बारा तासांवर, व तिमाहींतील जादा कामाची ११५ वरून १४४ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. बारा तासांचा आंकडा १९११ च्या कायद्यांत कापडगिरण्यांतील पुरुषांसाठीं होता, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

म्हणून जळगांव-धुळ्याच्या कारखानदारांस आमचें सांगणें थोडें आहे. वहींत तासांचें घर आधीं आंखा, व तें रोजचें रोज भरा. भत्ते व मूळ पगार यांची फोड नव्या व्याख्येनें आतांच करून पाहा; दुपटीचा खर्च किती येतो तें हंगाम सुरू होण्यापूर्वींच कळेल. पगाराची चिठ्ठी मजुराच्या हातीं द्या. दावा आल्यावर वही लिहावयास बसणाऱ्याची वही कोणी खरी मानीत नाहीं.

संग्राहकांस विनंति निराळी. कौटिल्याचें अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून निघालें तें म्हैसुरास शामशास्त्र्यांच्या हातीं एक ताडपत्रांची पोथी आली म्हणून. ती पोथी कोणी चुलींत घातली असती तर सूत्राध्यक्षाचा तो नियम आपणांस कसा कळता? इतिहासाचार्य राजवाडे यांनीं दारोदार हिंडून दप्तरें वांचविलीं व १९२६ सालीं धुळ्यासच देह ठेविला. त्यांच्या या भूमींत जिनांच्या वह्या रद्दींत जाव्या, हें बरें नव्हे. रेच्यांवर राबलेल्या त्या बायकांचीं नांवें दुसऱ्या कोणत्याही कागदांत मिळावयाचीं नाहींत.