अक्षर, संकेत आणि कथा : मराठी डिजिटल कथनाची पूर्वपीठिका

डिजिटल कथनाचा विचार करताना लक्ष प्रायः यंत्राच्या नवलाईकडे जाते. मराठीपुरता या कथनाचा आरंभ अक्षरापासून होतो. अक्षर कसे आरेखिले आणि ते कोणत्या संकेताने साठविले, यावर मजकुराची विदा होणे अवलंबून असते. आणि त्या विदेवरच कृत्रिम बुद्धिमत्ता पोसली जाते. प्रस्तुत लेखात या क्रमाचा मागोवा घेतला आहे.

एकोणिसाव्या शतकात जावजी दादाजी यांच्या मुंबईतील निर्णयसागर छापखान्याने देवनागरी खिळ्यांना सुबक वळण दिले. खिळ्याला रूप पुरेसे होते. संगणकाला रूपाबरोबर संकेतही लागतो. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आणि युनिकोडची पहिली आवृत्ती यांनी देवनागरीला निश्चित संकेत दिले. तथापि डीटीपी व्यवसायात रोमन संकेतांवर देवनागरी आकार चढविणारे फाँट दीर्घकाळ रूढ राहिले. अशा फाँटमधील मजकूर वाचकाला मराठी दिसे. यंत्राच्या लेखी मात्र ती रोमन चिन्हांची निरर्थक माळ होती.

सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी आरेखित केलेला ‘मंगल’ हा युनिकोड फाँट विंडोज २००० बरोबर उपलब्ध झाला. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. तरीही ‘ॲ’ या अक्षराला स्वतंत्र संकेत मिळण्यास २००८ साल उजाडले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर या इतिहासाचे परिणाम ठळक झाले. भाषिक प्रारूपे उपलब्ध मजकुरावरून शिकतात. जो मजकूर यंत्राला वाचता येत नाही, तो त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. मुलुंडचे उदाहरण घेता येईल. मिठागरे आणि कारखाने यांच्या या उपनगराच्या आठवणी जुन्या फाँटमधील स्मरणिकांत वा महाविद्यालयीन वार्षिकांत राहिल्या, तर मुलुंडची कथा सांगणारे यंत्र इतरांनी इतर भाषांत लिहिलेल्या मजकुरावर विसंबेल आणि उरलेल्या जागा कल्पित तपशिलांनी भरील. छापील पाने प्रतिमेवरून वाचण्याची सोय आज आहे. परंतु पुसट छपाई आणि जोडाक्षरे यांत ती चुकते, म्हणून तपासणी माणसालाच करावी लागते.

सारांश, कथनाचे साधन बदलले, तरी त्याच्या विश्वासार्हतेचा भार मूळ मजकुरावरच आहे. जुन्या मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर, त्याचे मुद्रितशोधन, लेखक व वर्ष यांची नोंद आणि लेखकांची अनुमती ही कामे महाविद्यालयीन अध्यापक व ग्रंथपाल यांच्या आवाक्यातील आहेत. ती झाल्यास उपनगराची कथा त्याच्याच शब्दांत पुढे जाईल.