प्रस्तावना : स्कीची लांबी आणि बाइंडिंगची निवड

जांबोटीत बसून बर्फावरच्या साधनांविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटणे साहजिक आहे. बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव पावसाचे. कणकुंबी-आमगावच्या बाजूला ढग उतरले की ऊन पाहायला मिळत नाही, आणि बर्फ दिसतो तो बाजारात मासळीखाली. तरीही या मुलखाला हिमप्रदेश परका नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच आहे. खानापूर-निपाणी भागातल्या सैनिकी घरांना काश्मीर-लडाखच्या चौक्यांची नावे तोंडपाठ असतात, आणि गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये जवान स्की शिकतात हेही त्यांना ऐकून ठाऊक असते. आता मराठी घरांतल्या लेकी-सुना टोरांटो, म्युनिक, झुरिकला राहतात आणि हिवाळ्यात डोंगर गाठतात. त्यांतल्या काही जणी उत्तम स्की करतात. या पानांचा पहिला वाचक म्हणून आम्ही त्यांनाच डोळ्यांपुढे ठेवले आहे.

भारतीय स्त्रियांची या खेळातली वाटचाल लहान असली तरी अभिमानाची आहे. 1988 च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये शैलजा कुमार स्लॅलम शर्यतीत, म्हणजे खांबांमधून झटपट वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीत, उतरल्या. 2006 साली तुरिनला नेहा आहुजा गेल्या. जानेवारी 2018 मध्ये मनालीच्या आंचल ठाकूरने तुर्कस्तानातल्या एर्झुरूमला स्लॅलममध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा देशातल्या अनेकांना हा खेळ आपल्याकडेही खेळला जातो हे प्रथमच कळले. आपल्याच कर्नाटकातल्या, कॉफीच्या मळ्यांच्या कोडगूतून आलेल्या भवानी टी. एन. क्रॉस-कंट्री स्कीइंगमध्ये नाव कमावत आहेत. क्रॉस-कंट्रीची स्की अरुंद असते आणि तिच्यात टाच मोकळी राहते. या पुस्तकाचा विषय आहे अल्पाइन स्की, म्हणजे टाच घट्ट बसवून उतारावरून खाली येण्याची स्की. वाचकांनी हा भेद आरंभीच लक्षात घ्यावा.

लांबीचा प्रश्न आज अवघड का वाटतो, हे कळायला थोडा इतिहास हवा. पूर्वी हात वर करून उभे राहायचे आणि स्कीचे टोक मनगटाला लागले की माप झाले, असा सरळ हिशेब होता. त्या स्की जवळजवळ सरळसोट असत आणि वेगात स्थिर राहण्यासाठी त्यांना लांबी लागे. 1990 च्या दशकात स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने मध्यभागी बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद अशी स्की बाजारात आणली. कडेवर झुकवली की ही स्की आपण होऊन वळण घेते. त्यानंतर मापे झपाट्याने खाली आली. आंतरराष्ट्रीय स्की व स्नोबोर्ड महासंघाच्या नियमांत आज स्त्रियांच्या स्लॅलम स्कीची किमान लांबी 155 सेंटिमीटर आहे आणि डाउनहिल या सर्वांत वेगवान शर्यतीच्या स्कीची 210. खेळाडू त्याच उंचीची असली तरी शर्यत बदलली की माप 55 सेंटिमीटरने बदलते. म्हणून ‘माझी उंची इतकी, मग स्की किती?’ हा प्रश्न अपुरा ठरतो.

त्या प्रश्नाच्या जोडीला तुम्ही आणखी तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात, असे आम्ही सुचवतो. बर्फ कोणता? स्कीची घडण कशी? आणि माझे वजन व वेग किती? लावणीला जाणारी बाई इरले पाठीवर घेऊन पाहिल्याशिवाय विकत घेत नाही. आखूड इरल्यात पाठ भिजते आणि लांब इरले वाऱ्यात ओढते. स्कीचेही तसेच आहे. लांब स्की वेगात डगमगत नाही आणि भुसभुशीत बर्फात तरंगते. आखूड स्की चटकन वळते, पण वेग वाढला की टोकाशी थरथरते.

एक उदाहरण जवळून पाहू. 165 सेंटिमीटर उंचीची, 60 किलो वजनाची एक प्रगत स्कीपटू आहे असे धरा. प्रगत म्हणजे तीव्र उतारावर, बर्फ कडक असो वा उखडलेला, दोन्ही स्की समांतर ठेवून वेगावर ताबा राखणारी. औलीसारख्या यंत्राने सपाट केलेल्या उतारावर तिला 70 ते 80 मिलिमीटर कंबरेची (म्हणजे सर्वांत अरुंद मधल्या भागात तेवढी रुंद), 155 ते 160 सेंटिमीटरची स्की शोभेल. तीच गुलमर्गला अफरवट डोंगराच्या खोल, न दाबलेल्या बर्फात उतरली, तर 95 ते 105 मिलिमीटर कंबर आणि 168 ते 175 सेंटिमीटर लांबी तिला बरी पडेल. या रुंद स्कींची टोके बहुधा वर उचललेली असतात. त्या घडणीला रॉकर म्हणतात. रॉकर असला की सपाट कडक बर्फावर स्कीची सगळी कड टेकत नाही, म्हणून कागदावर लांब दिसणारी स्की पायाखाली आखूड वाटते. दोन्ही प्रकारचा बर्फ थोडा थोडा अनुभवायचा असेल तर 85 ते 95 मिलिमीटर कंबर आणि स्वतःच्या उंचीच्या आसपासची लांबी हा मधला मार्ग आहे. वजन जास्त असेल किंवा वेगाची आवड असेल तर या पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे जावे.

‘लेडीज स्की’ या पाटीविषयीही दोन शब्द सांगायला हवेत. स्त्रियांसाठी म्हणून केलेल्या स्की बऱ्याचदा हलक्या आणि मऊ असतात आणि काहींत बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरणाऱ्या साधनाची, जागा थोडी पुढे धरलेली असते. यामागे विचार आहे. जीनी थोरेन या अमेरिकन स्कीपटूने अनेक वर्षे हेच मांडले की, स्त्रियांच्या देहाचा तोल वेगळा पडतो आणि पुरुषांच्या मापाने बेतलेले साधन त्यांना मागे ढकलते. पण याच पाटीखाली नवशिकीला शोभेल अशी लवचीक, आखूड स्की प्रगत बाईच्याही हाती दिली जाते. दुकानदाराने उंची विचारून थेट हनुवटीपर्यंतची स्की पुढे केली, तर तुम्ही आपला वेग आणि आपला उतार त्याला ठामपणे सांगावा. आतल्या थरात धातूचा पत्रा असलेली, जड आणि ताठ स्की प्रगत स्कीपटूला कडक बर्फावर अधिक विश्वासाची वाटू शकते, मग तिच्यावर कोणतीही पाटी असो.

लांबी ठरवताना आपल्या कौशल्याला मान द्यावा; बाइंडिंग ठरवताना मात्र आपल्या शरीराला. या पुस्तकाचे सार एवढेच आहे.

बाइंडिंगचे काम दुहेरी आहे. बूट स्कीला धरून ठेवायचा आणि पडताना हाड मोडायच्या आत सोडायचा. नॉर्वेत जन्मलेले, अमेरिकेत स्थायिक झालेले यालमार हवाम यांचा 1937 साली स्की करताना पाय मोडला. दवाखान्यात शुद्धीवर येताच त्यांनी कागद-पेन्सिल मागितली, असे सांगतात. त्यांनी आखलेले सुटणारे बाइंडिंग पुढे ‘सेफ-स्की’ नावाने विकले गेले. आजच्या बाइंडिंगचा पुढचा भाग पाय पिळला की बाजूला सुटतो आणि टाचेचा भाग देह पुढे झुकला की वर सुटतो. किती जोराला सुटायचे ते वर कोरलेल्या आकड्याने ठरते. त्याला सगळे डिन म्हणतात. आयएसओ 11088 या मानकातल्या तक्त्यावरून हा आकडा काढतात. त्यात वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत एवढ्याच गोष्टी येतात.

आपल्या उदाहरणातल्या बाईच्या बुटाचा तळ साधारण 290 मिलिमीटर असेल आणि ती वेगाने, आक्रमकपणे उतरत असेल, तर तक्ता तिला सहा-सातच्या आसपास नेतो. वाचकांनी दोन गोष्टी इथे बारकाईने पाहाव्यात. तळ लांब झाला की तरफ वाढते, म्हणून आकडा खाली येतो; बूट बदलला तर बाइंडिंग पुन्हा जुळवून घ्यावे लागते. दुसरे म्हणजे, वयाची पन्नाशी गाठली की तक्ता एक पायरी खाली उतरायला सांगतो, मग ती बाई वीस वर्षे काळ्या खुणेच्या, सर्वांत अवघड उतारांवर का वावरत असेना. तेरापर्यंत आकडा असलेले बाइंडिंग मिरवायला बरे दिसते; पण आपला आकडा यंत्राच्या पट्ट्याच्या मध्याजवळ पडणे महत्त्वाचे. सहा-सातसाठी तीन ते अकराच्या पट्ट्याचे बाइंडिंग पुरेसे आहे.

गुडघ्याचा विषय आम्ही मुद्दाम सविस्तर घेतला आहे. सुटणाऱ्या बाइंडिंगमुळे नडगी मोडण्याचे प्रमाण खूप घटले, पण गुडघ्यातल्या पुढच्या क्रूसिएट अस्थिबंधाच्या दुखापती तशा घटल्या नाहीत, आणि हौशी स्कीपटूंमध्ये त्या स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक होतात. अशा अपघातांत स्त्रियांचे बाइंडिंग न सुटल्याची उदाहरणे पुरुषांपेक्षा जास्त असल्याचे ऑस्ट्रियातल्या संशोधकांना आढळले. आयएसओच्या तक्त्यात स्त्री-पुरुष असा रकाना नाही. याचा अर्थ आकडा स्वतःच कमी करावा असा नव्हे, कारण भलत्या वेळी सुटलेली स्कीही तितकीच घातक असते. प्रशिक्षित कारागिराशी बोलताना, आपले बाइंडिंग वेळेवर सुटेल ना, हा प्रश्न तुम्ही विचारावा, इतकेच आमचे म्हणणे. त्याच वेळी बाइंडिंगमध्ये टाच पंजापेक्षा किती उंच आहे हेही पाहून घ्यावे. पाऊल लहान असेल तर तेवढ्याच उंचीने चढ अधिक होतो आणि मांड्या लवकर भरून येतात.

नव्या वाचकांनी प्रकरणे क्रमाने वाचावीत: आधी बूट, मग स्की, शेवटी बाइंडिंग. पाऊल बुटात नीट बसले नाही तर पुढची सगळी मापे वाया जातात. बुटाच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेला तळाच्या लांबीचा आकडा वहीत उतरवून ठेवा. तळ नेहमीचा अल्पाइन आहे की चालायला सोपा असा ग्रिपवॉक, तो बाइंडिंगशी जुळतो का, हे विचारा. ब्रेकची रुंदी स्कीच्या कंबरेइतकी किंवा तिच्याहून दहा-पंधरा मिलिमीटर जास्त असावी. शक्य असेल तेव्हा दोन लांबींच्या स्की भाड्याने घेऊन एकाच उतारावर, एकाच दिवशी चालवून पाहा. त्या एका दिवसात जे कळते ते कोणताही तक्ता सांगत नाही.

मराठीत या विषयावर लिहिताना शब्द कमी पडतील अशी भीती होती. दुकानात, उतारावर आणि घरी फोनवर बोलताना मराठी मुली जे शब्द वापरतात तेच आम्ही घेतले, आणि काम भागले. या पानांतले माप तुमच्या अनुभवाशी जुळले नाही, तर अनुभवाला प्रमाण माना आणि समासात तशी नोंद करा. पुढच्या मोसमात दुकानात जाताना ते पान सोबत असू द्या.

जांबोटी, ता. खानापूर