तळावरची पोरं

रांगणा किल्ल्याच्या वाटेवर आणि पाटगावच्या बाजूला हल्ली सुट्टीत तंबू दिसतात. कोल्हापूर-पुण्याकडची कुटुंबं मुलांना घेऊन येतात, रात्र उघड्यावर काढतात आणि परततात. गारगोटीच्या पश्चिमेच्या या पट्ट्यात लोक याला नवी, बाहेरून आलेली हौस समजतात. अशा सहलीत एखादं वांड पोर असलं, सगळ्यांशी बोलणारं, एका जागी न टिकणारं, की आईवडिलांचा निम्मा जीव त्याला आवरण्यात जातो, हेही आता सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. माझं म्हणणं असं की पोरांसकट उघड्यावर मुक्काम करणं गारगोटीच्या या भुदरगड तालुक्याला मुळीच नवं नाही. नवी आहे ती त्या मुक्कामातली पोराची जागा. जुन्या तळावर चळवळ्या आणि बोलक्या पोराची गरज होती. आजच्या तळावर त्याच्यासाठी काम उरलेलं नाही, म्हणून ते अडचण वाटतं.

यातला सगळ्यात ठसठशीत पुरावा कर्नाटकातल्या सौंदत्तीच्या यात्रेचा. मार्गशीर्ष पौर्णिमेला कोल्हापूर जिल्ह्यातून यल्लम्माच्या डोंगरावर जाणाऱ्यांची गर्दी आजही मोठी असते. एसटी येण्याआधी हा प्रवास बैलगाडीचा आणि पायी होता, म्हणजे वाटेत कित्येक रात्री माळावर, नदीकाठी, कुणाच्या तरी शेताच्या बांधाला काढाव्या लागत. अख्खं घर निघायचं: म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या, तांदूळ-पीठ, जळण, बैलांची वैरण. डोंगरावर पोचल्यावर पाल ठोकायचं, तीन दगडांची चूल मांडायची, नैवेद्य रांधायचा आणि परडी भरायला जोगतिणींना बोलवायचं. या साऱ्यात पाणी आणणं, काटक्या गोळा करणं, शेजारच्या पालातून विस्तव किंवा मीठ मागून आणणं, गर्दीत पांगलेल्या गाववाल्यांना निरोप पोचवणं ही कामं मोठ्यांना जमण्यासारखी नसत, कारण मोठी माणसं चुलीला, बैलांना आणि देवाला बांधलेली. लाजऱ्या पोराकडूनही ती होत नसत. परक्या पालात बिनदिक्कत शिरून ‘काकी, आईनं विस्तव मागितलाय’ असं म्हणणारं पोरच तिथं उपयोगी. सौंदत्तीला मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर पडतं. दोन भाषांतलं जुजबी बोलणं उचलायला अशी पोरंच पुढं असणार हे सांगायला वेगळा दाखला नको.

दुसरा पुरावा गारगोटीच्या अगदी दाराशी आहे. वेदगंगेच्या खोऱ्यातलं आदमापूर हे बाळूमामांचं समाधिस्थान. १८९२ साली अक्कोळला जन्मलेल्या या धनगर संताने आयुष्य मेंढरांमागे गावोगाव फिरण्यात घालवलं आणि १९६६ साली आदमापुरात देह ठेवला. त्यांच्या नावाची मेंढरं आजही बग्ग्याबग्ग्यांनी फिरतात; ज्या शिवारात तळ पडतो तिथं गावकरी भाकरी घेऊन येतात, आरतीला पोरंबाळं जमतात. या परंपरेमागे धनगरांची मोठी, जुनी व्यवस्था उभी आहे. पावसाळा सरला की बिऱ्हाड घोड्यावर लादून वाडा हलायचा. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घ्यायचा आणि बदल्यात धान्य वा पैसे द्यायचा. पुरुष कळपामागे जात, तेव्हा तळ बायका चालवत आणि जाळ्याच्या वाघरीजवळ ठेवलेली कोकरं पोरं सांभाळत. कोकरू कुणाचं, त्याची आई कोणती, हे ओळखायला सात-आठ वर्षांचं पोर शिकलेलं असे. कुणी पोराला रमवायचं म्हणून हे काम दिलेलं नव्हतं. पोर नसतं तर ते दुसऱ्या कुणाला तरी करावं लागलं असतं.

इथं पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: यात्रा म्हणजे धर्म, भटकंती म्हणजे पोट, हौसेने केलेल्या मुक्कामाशी त्यांची तुलना कशी करायची? पण ही सीमारेषा वाटते तितकी पक्की नाही. सौंदत्तीला जाणं नवसाचं असलं तरी पिकं हाताशी आल्यावरचा तो घराचा मोठा विसावाही होता. आणि ज्या पाश्चात्त्य हौसेला आपण मूळ मानतो तिचा इतिहासही असाच आहे. इंग्लंडात १९०८ साली तंबूसहलींवरचं गाजलेलं मार्गदर्शक पुस्तक लिहिणारा टॉमस हायरम होल्डिंग हा पेशाने शिंपी. १८५३ साली, लहानपणी, तो घरच्यांबरोबर अमेरिकेच्या गवताळ प्रदेशातून गाड्यांच्या तांड्यात गेला होता. हौसेची सहल शिकवणाऱ्या माणसाने तंबूतली रात्र आधी स्थलांतरात पाहिली होती. स्काउट चळवळीच्या बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीस मुलांचं शिबिर भरवलं तेव्हाही मुलांना गटागटांत वाटून जबाबदाऱ्या दिल्या. पोराला काम हवं हे तिथंही ओळखलेलं होतं. मात्र घरच्या माणसांना वगळून.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. जुन्या तळाचं कौतुक करताना त्यावरचा अन्याय झाकला जातो. हे मी मान्य करतो, आणि त्यात काही सौम्य करून सांगण्यासारखं नाही. यल्लम्माच्याच नावाने मुली देवाला सोडल्या गेल्या. कर्नाटकाला १९८२ साली त्याविरुद्ध कायदा करावा लागला. यात्रांच्या गर्दीत पटकीची साथ पसरे आणि लहान मुलं आधी दगावत. आजही बिद्रीच्या कारखान्याकडे ऊस जाण्याच्या हंगामात तोडकऱ्यांच्या खोपी पडतात आणि तिथं लहान भावंडाला कडेवर घेऊन दिवस काढणाऱ्या मुलीला कुणी सहलीला आलेली म्हणणार नाही. पण या उदाहरणांनी माझा मुद्दा खोडला जात नाही, नेमका होतो. उचल घेतलेल्या घराला तळ सोडून जाता येत नाही, आणि तिथल्या पोराची शाळा हंगामभर बुडते. ठरलेल्या दिवशी घरी परतणाऱ्या यात्रेकरूच्या पोराचं काम वेगळं. पोराच्या हाताला काम असावं एवढ्याने भागत नाही. त्या कामातून सुटका ठरलेली असावी लागते.

हा भेद शिक्षणाच्या विचारात आणणाऱ्यांपैकी एक माणूस गारगोटीशीच जोडलेला आहे. जे. पी. नाईक यांनी १९५२ साली इथं मौनी विद्यापीठ उभं केलं. पुढे १९६४ ते १९६६ या काळात ते कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. शालेय शिक्षणात कार्यानुभव असावा ही शिफारस त्याच आयोगाची. मुलाने खरं, कुणाच्या तरी उपयोगी पडणारं काम करावं, पण ते शिक्षणाच्या चौकटीत, शोषणाच्या नव्हे, हा त्या शिफारशीचा गाभा मला दिसतो. पुढे तिचा बऱ्याच शाळांत कागदी फुलांचा तास झाला, ही खेदाची गोष्ट.

मग तळावरची पोराची जागा गेली कशाने? मोटारीने, असं पटकन म्हटलं जातं. राज्यातली एसटी १९४८ साली पुणे-नगर मार्गावर धावली आणि पुढे गावोगाव पोचली, तशी सौंदत्तीची वाट दिवसांवरून तासांवर आली, हे खरं. पण एसटीने डोंगरावर उतरलेली कोल्हापूरकर कुटुंबं चूल अजून स्वतःच मांडतात, शेजाऱ्याकडे अजून जातात, आणि पाणी आणायला पोरालाच पाठवतात. प्रवास बदलला तरी पोराचं काम तिथं टिकलं. ते सुटतं ते पैसे भरून राहण्याच्या तंबूत, जिथं रांधणं, पाणी, जळण सगळं आयोजकाची माणसं करतात आणि शेजारच्या तंबूत जाणं हा आगाऊपणा ठरतो. तिथं बोलक्या पोराने करायचं काय? अशा ठिकाणी चार घरांची चूल एकत्र ठेवली आणि पाण्याची घागर पोरांकडे दिली, तर आयोजकाचं काम थोडं कमी होईल आणि आईवडिलांचं बरंच.